साडेबारा टक्के

साडेबारा टक्के : नवी मुंबईसाठी जमीन संपादित झालेल्या खातेदाराला त्या जमिनीच्या १२.५ टक्के क्षेत्राच्या प्रमाणात विकसित भूखंड परत देण्याची योजना. नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ म्हणजे सिडको; तिच्या कागदांत योजनेचा उल्लेख 'पूर्वाश्रमीची गावठाण विस्तार योजना' असा येतो. बोलण्यात 'योजना' हा शब्द गळून पडला आहे. 'आमचं साडेबारा अजून बाकी आहे', 'त्यांचं साडेबारा उलव्याला निघालं' अशी वाक्ये नेरूळ, घणसोली, करावे, उरणकडच्या घरांत आजही कानावर पडतात. लग्न जुळवताना मुलाची नोकरी विचारतात तसे साडेबाराचेही विचारले जाते.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावे नव्या शहराच्या क्षेत्रात आली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या कल्पनेत या शहराच्या पैशाचेही गणित होते : जमीन सरकारने घ्यायची, रस्ते-पाणी आणायचे आणि वाढलेल्या भावाने ती विकून पुढचे शहर उभारायचे. वाढलेल्या भावातला वाटा मूळ मालकाला किती, हा प्रश्न त्यातूनच निघाला. १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदला शेतीच्या भावाने ठरला. सेक्टर पडल्यावर त्याच जमिनीचा भाव चौरस मीटरवर गेला.

ही जमीन बहुतांशी आगरी, कोळी आणि कराडी कुटुंबांची होती. भाताची खाचरे, खाडीचे पाणी अडवणारे बांध, त्यांच्या उघाड्या (पाणी सोडायची दारे), पलीकडे मिठागरे. त्यातली कितीतरी जमीन कसणाऱ्याच्या नावावर होऊन फार वर्षे लोटली नव्हती. शेजारच्या अलिबाग तालुक्यात खोतांविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप केला, १९४८ चा कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या 'कृषक दिना'ने कुळांना मालक मानले. म्हणजे सातबाऱ्यावर पहिल्यांदा नाव लागलेला माणूस हयात असतानाच काही घरांत संपादनाची नोटीस आली. ज्याच्या बापाने कुळाची नोंद करून घेतली नव्हती, त्याच्या हाती नोटीसही आली नाही. ती गेली कागदावरच्या मालकाकडे, सावकाराकडे.

या जमिनींसाठीच्या लढ्याचे नेतृत्व जासईचे दि. बा. पाटील (१९२६–२०१३) यांनी केले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासईजवळच्या दास्तान फाट्यावर व नवघर येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यांचा स्मृतिदिन दरवर्षी पाळला जातो. विकसित जमिनीत हिस्सा हे तत्त्व सरकारने मान्य केले ते या आंदोलनाच्या रेट्याने. शासननिर्णय ६ मार्च १९९० चा. आधीच ज्यांच्या जमिनी गेल्या होत्या त्यांनाही लाभ देणारा निर्णय २८ ऑक्टोबर १९९४ चा. मधल्या वर्षांत वाशी उभी राहून गजबजलीही होती.

साडेबारा हे नाव तसे फसवे आहे. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी ३.७५ टक्के वजा होतात आणि हातात ८.७५ टक्के पडतात. योजनेच्या मूळ अटींनुसार भूखंड मालकीचा नसे, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याचा असे. चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय) १.५, त्यात १५ टक्के वाणिज्य वापर. तळमजल्यावरची किराणा, मोबाईल आणि औषधांची दुकाने त्यातूनच येतात. हिशेब असा : एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौ. मी. त्याचे साडेबारा ५०६, वजावट जाऊन ३५४, आणि त्यावर बांधकाम ५३१ चौ. मी. बिल्डरला निम्मे दिले आणि चार भाऊ असले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ६६ चौ. मी., म्हणजे एक बऱ्यापैकी फ्लॅट. दहा एकरवाल्या घरात हाच हिशेब दसपट होतो आणि महिन्याचे भाडे सुरू होते. दहा गुंठेवाल्याला मिळतो ८८ चौ. मी.चा तुकडा. त्यावर एकट्याने इमारत परवडत नाही. मग तो शेजाऱ्याबरोबर एकत्र करायचा किंवा विकून मोकळे व्हायचे.

योजनेचा गाभा इथेच आहे. तिने वाटप केले ते जुन्या सातबाऱ्यावरच्या आकड्याच्या पटीत. गावात जो मोठा होता तो शहरात अधिक मोठा झाला, कारण भाताच्या खाचरांतला फरक आता फ्लॅटच्या भावाने गुणला गेला. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नव्हते त्याला शून्याचे साडेबारा टक्के. मिठागरात फावडे मारणारा मजूर, अर्धेलीने शेती करणारा, डोंगराच्या पायथ्याचा कातकरी यांचे पोट त्याच जमिनीवर होते, पण मोबदला पोटावरून मोजला जात नाही. दिवाळे, सारसोळेच्या कोळ्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांचे शेत म्हणजे खाडी. खाडीला सातबारा नसतो, त्यामुळे भराव पडून मासळीची जागा गेली तरी संपादन झाल्याची नोंदच होत नाही.

भूखंड हाती येईपर्यंतचा प्रवास हा स्वतंत्र व्यवसाय झाला. पनवेलच्या मेट्रो सेंटर या भूसंपादन कार्यालयातून निवाड्याची (संपादनाच्या आदेशाची) नक्कल, फेरफार, वारस दाखला, सर्व वारसांची संमती, मग सिडकोत पात्रता, सोडत, इरादापत्र. एवढे करायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात; घरात आजारपण किंवा लग्न निघाले की हे दोन्ही संपतात. अशा वेळी दारात येणारा माणूस भूखंड मिळण्याआधीच 'फाईल' विकत घेई. सोडत निघाल्यावर मूळ खातेदार, सिडको आणि बिल्डर यांच्यात त्रिपक्षीय करार होतो आणि हक्क बिल्डरकडे जातो. थांबू शकणाऱ्याला पूर्ण भाव मिळाला. ज्याला थांबणे परवडले नाही, त्याच्याकडे कुलमुखत्यारपत्राची झेरॉक्स उरली. जेएनपीटी म्हणजे न्हावाशेवा बंदरासाठी जमीन दिलेल्यांच्या वाट्याला तर ही प्रतीक्षा कित्येक वर्षे आली.

बहिणींचा हिस्सा हा घराघरातला नाजूक विषय. राज्याने १९९४ मध्ये, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो सर्व मुलींना मिळाला. पण त्याच काळात हक्कसोडपत्रेही जोरात होत होती. भाऊबीजेला आलेल्या बहिणीची सही दोन-चार दिवसांत होऊन जाई, ओवाळणी जरा घसघशीत असे. 'माहेर तुटायला नको' हे कारण सांगितले जाई आणि ते खोटेही नसे. अलीकडे त्या बहिणींच्या नाती कोर्टात दावे घेऊन उभ्या राहतात, आणि काही फाईली त्यामुळेच अडल्या आहेत.

साडेबाराच्या पैशावरून आगरी-कोळी समाजाची जी थट्टा होते तिचीही नोंद घ्यायला हवी. 'गुंठामंत्री', हळदीचा खर्च, गळ्यातल्या चेनी, बैलगाडा. आयत्या पैशाची ही कुचेष्टा बहुधा त्याच जमिनीवरच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून होते, आणि त्या फ्लॅटचा भाव दुपटी-तिपटीने वाढला की त्याला मात्र 'गुंतवणूक' म्हणतात. शिवाय थट्टेत दिसतो तो दहा एकरवाला. दहा गुंठेवाला रिक्षा चालवत असतो.

नवी मुंबई विमानतळासाठी विस्थापित झालेल्यांना हे प्रमाण २२.५ टक्के मिळाले. एकाच खाडीकाठी, एकाच शहरासाठी गेलेल्या जमिनीला वेगवेगळे दर, हा सल जुन्या गावांत आहे. दिबांचे नाव विमानतळाला द्यावे म्हणून झालेल्या मोर्चांत साडेबारावाले आणि साडेबावीसवाले एकत्र चालले, हेही खरे.

भूखंड वेळेत न मिळाल्याने आणि कुटुंबे वाढल्याने लोकांनी गावठाणात व त्याला लागून स्वतःच बांधकामे केली. त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरे' म्हणतात, आणि ती नियमित करण्याचे शासननिर्णय वेळोवेळी निघाले आहेत. हाताला हात लागेल एवढ्या गल्लीत खाली चार खोल्या, वर मालक, गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या. खोल्यांत ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कामगार, डिलिव्हरीची पोरे, समोरच्या सेक्टरमध्ये चार घरची भांडी करणाऱ्या बाया. करार ११ महिन्यांचा, डिपॉझिट रोख, वीज सबमीटरवर. मालकीणबाई पहिल्या तारखेला वहीत नाव आणि रक्कम लिहून घेतात. वही त्यांच्या सासऱ्यांच्या निवाड्याच्या कागदांसोबत, त्याच पत्र्याच्या पेटीत असते.