लेप्टिनच्या आधीचा पुरावा : डग्लस कोलमन आणि जोडलेले उंदीर

लठ्ठ माणसाचा जिभेवर ताबा नसतो, ही समजूत वैद्यकातही दीर्घकाळ टिकून होती. आज भूक शमवणाऱ्या औषधांची चर्चा होते, तेव्हा भूक हा मेंदू आणि शरीर यांच्यातला रासायनिक संवाद आहे हे आपण गृहीतच धरतो. ते गृहीत धरता येण्याइतका भक्कम पुरावा दिला तो डग्लस कोलमन या जीवरसायनशास्त्रज्ञाने. विशेष म्हणजे तो देताना संबंधित रेणू त्याच्या हाती नव्हता.

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागाच्या मध्यभागी इजा केली की उंदीर अफाट खातो, हे १९४० मध्येच दिसले होते. शरीरातली चरबी स्वतःचा साठा मेंदूला कळवत असावी, असा तर्क केनेडी या संशोधकांनी १९५३ मध्ये मांडला. १९५९ मध्ये हर्व्ही या संशोधकांनी दोन उंदीर शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडून त्यातल्या एकाच्या हायपोथॅलॅमसला इजा केली. तो फुगत गेला आणि त्याचा जोडीदार खाणे सोडून वाळत गेला. दिशा कळली होती, पण इजा केलेल्या मेंदूत नेमके काय बिघडले हे सांगणे अवघड होते. त्यासाठी एकाच जनुकात दोष असलेले प्राणी हवे होते.

ते अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत मिळाले. तिथे १९४९ मध्ये ‘ओबी’ नावाचा लठ्ठ उंदीर आपोआप निपजला. त्याचे वजन साध्या उंदराच्या सुमारे तिप्पट होई. १९६६ मध्ये ‘डीबी’ नावाच्या दुसऱ्या उंदराची नोंद झाली. तोही लठ्ठ होता आणि शिवाय त्याला तीव्र मधुमेह होता. मूळचे कॅनडातल्या ऑन्टारिओचे कोलमन १९५८ पासून याच प्रयोगशाळेत होते.

त्यांचे तंत्र होते पॅराबायोसिस. दोन उंदरांच्या कुशीला लांब छेद देऊन आतले स्नायू आणि वरची त्वचा एकमेकांना शिवायची. काही दिवसांत जोडावर केशवाहिन्या वाढतात आणि रक्ताची संथ देवाणघेवाण सुरू होते. हा संथपणा नीट लक्षात घ्यायला हवा. रक्तातली साखर पलीकडे पुरेशी पोहोचण्याआधीच वापरली जाते, म्हणून दोघांची साखर सारखी होत नाही. टिकाऊ पदार्थ मात्र पलीकडे साठू शकतो. दोन्ही उंदीर जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखे नसतील तर प्रतिकारशक्ती जोडीदारावरच उलटते आणि एक पांढराफटक पडून खंगत जातो. ते खंगणे उपासमारीसारखेच दिसते. त्यामुळे साध्या-साध्या उंदरांच्या जोड्या तुलनेला ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही.

निरोगी उंदराच्या रक्ताने डीबीचा मधुमेह सुधारतो का, हे पाहायचे होते. घडले उलटे. डीबी खातच राहिला आणि निरोगी जोडीदार उपासमारीने मेला : जठर रिकामे, साखर खालावलेली. डीबीच्या रक्तातले काहीतरी त्याची भूक मारत होते.

यापुढची पायरी ओबीला डीबीशी जोडण्याची, पण दोन्ही दोष वेगवेगळ्या वाणांत होते. आधी संकर करून ते एकाच वाणात आणावे लागले. या कष्टाच्या कामातून आणखी एक गोष्ट उघड झाली : ओबीचा दोष डीबीच्या वाणात आणला की तोही डीबीइतकाच मधुमेही होतो. म्हणजे मधुमेहाची तीव्रता त्या एका जनुकापेक्षा भोवतालच्या बाकीच्या जनुकांवर ठरत होती. माझ्या मते कोलमन यांच्या या निष्कर्षाची दखल अजूनही पुरेशी घेतली जात नाही.

१९७३ मध्ये निकाल छापून आला. डीबीशी जोडलेला ओबी खाणे सोडून मरत होता. निरोगी उंदराशी जोडलेला ओबी कमी खात होता आणि त्याची वजनवाढ मंदावत होती. अर्थ स्वच्छ होता. ओबीत तृप्तीचा घटक तयारच होत नाही, पण मेंदू तो ओळखू शकतो. डीबीत घटक भरपूर आहे, ओळखणारी यंत्रणा नाही.

घटक वेगळा काढण्याचे प्रयत्न फसले. अखेर रॉकफेलर विद्यापीठातल्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने डिसेंबर १९९४ मध्ये ओबीचे जनुक शोधले. चरबीच्या पेशींत तयार होणारे ते प्रथिन म्हणजे लेप्टिन. पुढच्याच वर्षी त्याचा ग्राही, म्हणजे लेप्टिन ओळखणारे पेशीवरचे प्रथिन, सापडला आणि १९९६ मध्ये डीबीत तोच बिघडलेला असल्याचे दिसले. दोन्ही भाकिते खरी ठरली.

माणसांत मात्र चित्र दुभंगले. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या पाकिस्तानी वंशाच्या दोन भावंडांत (चुलत-मावस नात्यातल्या) लेप्टिनचा जन्मजात अभाव आढळला. त्यांतल्या आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते. रोज लेप्टिन टोचल्यावर बारा महिन्यांत तिचे वजन १६ किलोंहून अधिक उतरले. पण सर्वसाधारण लठ्ठपणात, १९९९ च्या २४ आठवड्यांच्या चाचणीत, सर्वांत मोठ्या मात्रेवरही सरासरी घट फक्त ७ किलोंच्या आसपास होती. माणसामाणसांत फरक मोठा होता आणि टोचल्याजागी त्रास होई. कारण साधे आहे : बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन आधीच जास्त असते. या संप्रेरकाचे मुख्य काम साठा घटल्याची सूचना देणे हे आहे. ते कमी झाले की मेंदू जोराने प्रतिसाद देतो. भरपूर असताना आणखी घातले तर फारसे काही बदलत नाही.

म्हणून उपयोग झाला तो अभाव असलेल्यांत. सर्वांगी लिपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ विकारात चरबी जवळजवळ नसतेच, त्यामुळे लेप्टिन अगदी कमी असते, आणि मेद यकृतात व रक्तात साचून तीव्र मधुमेह होतो. या रुग्णांसाठी मेट्रेलेप्टिनला, म्हणजे औषध म्हणून बनवलेल्या लेप्टिनला, अमेरिकेत फेब्रुवारी २०१४ मध्ये मान्यता मिळाली. लेप्टिनला निकामी करणारी प्रतिपिंडे आणि लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) यांच्या ठळक इशाऱ्यासह. ग्राहीच बिघडला असेल तर लेप्टिनचा उपयोग नाही. तिथे मेंदूतल्या पुढच्या टप्प्यावर, मेलॅनोकॉर्टिन-४ ग्राहीवर, काम करणारे सेटमेलॅनोटाइड हे औषध २०२० पासून उपलब्ध झाले. 

प्रौढ वयात हळूहळू वाढलेल्या वजनासाठी लेप्टिनची तपासणी करून उपचार बदलत नाही. स्त्रियांत ते पुरुषांपेक्षा मुळातच जास्त असते आणि उपवासाने झपाट्याने उतरते, त्यामुळे एकटा आकडा दिशाभूल करतो. जन्मवेळी बाळाचे वजन सामान्य, पहिल्या काही महिन्यांतच झपाट्याने लठ्ठपणा, न भागणारी भूक, आणि आईवडील एकमेकांच्या नात्यातले, असे असेल तर मात्र लेप्टिन आणि जनुकांची तपासणी लवकर करून घ्यावी. लेप्टिन मोजले आणि ते सामान्य किंवा जास्त आले, तरी दोष नाकारता येत नाही. ग्राहीतला दोष किंवा तयार होऊनही काम न करणारे लेप्टिन जनुकांच्या तपासणीतच दिसते.