वास्कोच्या खात्यात लिबर्टाडोरेस किती? एकच

लिबर्टाडोरेस या दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल जवळ आली की फुटबॉलच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो: ‘पहिली लिबर्टाडोरेस १९४८ साली झाली, ब्राझीलच्या वास्को द गामा क्लबने जिंकली.’ त्याखाली पाच मिनिटांत कुणीतरी लिहितो, ‘छे, ती तर फ्रेंडली होती.’ दोघंही चुकतात. त्यातला दुसरा मला जास्त खटकतो, कारण तो चूक दुरुस्त केल्याच्या थाटात चुकतो.

लिबर्टाडोरेस काय आहे हे पहाटे सहाचा गजर लावणाऱ्यांना मी सांगायला नको. १९६०पासून दरवर्षी, भरवणारा दक्षिण अमेरिकेचा महासंघ कॉन्मेबॉल, पहिला विजेता उरुग्वेचा पेन्यारोल. हे नाव १९६५ला आलं, त्याआधी ती ‘अमेरिकेच्या विजेत्यांचा चषक’ होती. बस, एवढं पुरे.

१९४८ची गोष्ट वेगळी. चिलीच्या कोलो-कोलो क्लबने सांतियागोत बोलावणी धाडून सात क्लब जमवले. यजमान धरून वास्को, अर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट, उरुग्वेचा नासिओनाल, लिमाचा म्युनिसिपल, बोलिव्हियाचा लितोराल आणि ग्वायाकिलचा एमेलेक. फेब्रुवारी-मार्चमध्ये, एकाच शहरात, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं. बाद फेरी नाही, फायनलही नाही. वास्को सहा सामन्यांत चार जिंकला, दोन बरोबरीत सुटले. विजयाला दोन गुण होते तेव्हा, म्हणून १० गुण. रिव्हर ९वर अडकला. पुन्हा ही स्पर्धा त्या रूपात झालीच नाही.

किरकोळ गोंधळ पटकन उरकतो. १९६०च्या पहिल्या स्पर्धेतही सातच क्लब होते, त्यामुळे याद्या एकमेकींत मिसळतात. पण १९६०ला पेरू आणि इक्वेडोर नव्हते, त्यांच्या जागी पॅराग्वे आणि कोलंबिया होते. आणि ‘दक्षिण अमेरिकन चॅम्पियनशिप १९४९’ दिसली तर ती देशांची, म्हणजे आजची कोपा अमेरिका. क्लबांचा तिच्याशी काही संबंध नाही.

आता खरी मेख. १९९६ साली कॉन्मेबॉलने १९४८च्या विजेतेपदाला मान्यता दिली. इथेच सगळे घसरतात, कारण ‘मान्यता दिली’चा अर्थ ते ‘लिबर्टाडोरेसमध्ये जमा केली’ असा लावतात. मान्यता मिळाली ती वास्को त्या वर्षी खंडाचा विजेता क्लब होता या गोष्टीला. स्पर्धेचं नाव बदललं नाही, लिबर्टाडोरेसच्या विजेत्यांची यादी १९६०च्या मागे सरकली नाही. तुकाराम हे ज्ञानेश्वरांच्याच परंपरेतले म्हणून कुणी गाथेला ज्ञानेश्वरी म्हणत नाही, तसंच हे.

गोंधळाला खतपाणी घातलं ते पुढच्या वर्षाने. सुपरकोपा नावाची एक स्पर्धा होती, पूर्वी लिबर्टाडोरेस जिंकलेल्या क्लबांसाठी. १९९७ला तिच्यात वास्कोला घेतलं, आणि तोवर वास्कोने लिबर्टाडोरेस एकदाही जिंकली नव्हती! साहजिकच लोकांनी उलटा हिशोब केला: आत आहे, म्हणजे जिंकली असणार. प्रत्यक्षात १९४८च्या विजेतेपदावर दरवाजा उघडला होता. ती सुपरकोपाची शेवटची खेप ठरली, आणि जिंकला कोण, तर रिव्हर प्लेट. एकोणपन्नास वर्षांनी काढलेला वचपा म्हणा हवं तर.

राहिला ‘फ्रेंडली’वाला. फ्रेंडली म्हणजे दर्जा हलका, असं आपल्याकडे धरून चालतात, हे मला मुळीच मान्य नाही. शब्द सांगतो तो एवढंच की अधिकृत नोंदीची वही कुणाकडे होती. केरी पॅकरच्या बंडखोर क्रिकेट सामन्यांतल्या धावा कसोटीच्या वहीत चढल्या नाहीत, पण तिथे समोरून येणारे चेंडू काही हळू नव्हते. १४ मार्च १९४८चा सामना घ्या. वास्कोला बरोबरी पुरेशी, रिव्हरला जिंकणं भाग. रिव्हरच्या आघाडीला लाब्रुना आणि एकवीस वर्षांचा दि स्तेफानो, वास्कोच्या गोलमध्ये बार्बोसा. निकाल ०-०. दोन वर्षांनी विश्वचषकात रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेने ब्राझीलला हरवलं तेव्हा गोलमध्ये हाच बार्बोसा होता आणि प्रशिक्षकही वास्कोचाच, फ्लाव्हिओ कोस्ता. बार्बोसाला लोकांनी जन्मभर त्या पराभवासाठी ओळखलं. त्याच्या नावावरचा ०-० मात्र ‘फ्रेंडली’ म्हणून उडवून लावायचा? सांतियागोत हजर असलेला फ्रेंच पत्रकार जाक फेरां तर पुढे सांगायचा की युरोपियन कपच्या (आजची चॅम्पियन्स लीग) कल्पनेला बीज तिथून मिळालं.

तेव्हा खातं लिहायचं तर असं: लिबर्टाडोरेस एक, १९९८. दक्षिण अमेरिकन क्लब विजेतेपद एक, १९४८. दोन वेगळ्या ओळी. बेरीज करून ‘दोन लिबर्टाडोरेस’ लिहिणाऱ्याला मी तरी उत्तर देणं सोडलंय.

जाता जाता, ९८च्या फायनलमध्ये वास्कोने हरवलेला बार्सिलोना हा स्पेनचा नव्हे, एमेलेकच्याच गावचा, ग्वायाकिलचा. आणि हा वास्को गोव्याचाही नव्हे. रिओतल्या पोर्तुगीज मंडळींनी १८९८मध्ये वल्हवण्याच्या शर्यतींसाठी क्लब काढला, गामाच्या भारतप्रवासाला तेव्हा चारशे वर्षं होत होती, म्हणून हे नाव. क्लबची शंभरी २१ ऑगस्ट १९९८ला भरली आणि लिबर्टाडोरेस हातात आली ती २६ ऑगस्टला.