प्रोग्रामची मेमरी मोजणं आणि कमांड लाइनवर ग्राफ काढणं

चालू प्रोग्रामने रॅममधली किती जागा धरलीय ते दर काही सेकंदांनी मोजून फाइलीत लिहायचं आणि मग त्या आकड्यांचा ग्राफ काढायचा, एवढंच हे काम. लिनक्सवर बरंचसं सामान आधीच असतं. समजा देवगडच्या एखाद्या आंबा पॅकिंग शेडमध्ये पिकवणीच्या खोलीचं टेंपरेचर नोंदवणारा ५१२ एमबीचा छोटा बोर्ड आहे आणि तो दर आठवड्याला हँग होतोय, तर लोक आधी लाइटला शिव्या घालतात, पण खरी गोष्ट बऱ्याचदा या ग्राफमध्ये दिसते.

आधी कुठला आकडा बघायचा ते ठरवा. व्हीएसझेड म्हणजे प्रोग्रामने मागून ठेवलेली सगळी ॲड्रेस स्पेस (कागदावरची जागा, सगळी रॅममध्ये असेलच असं नाही), ती बघून उगाच घाबरायला होतं. आरएसएस म्हणजे खरोखर रॅममध्ये असलेली पानं (मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे), एक पान साधारण ४०९६ बाइट्सचं. पण यात शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड) प्रत्येक प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, नावावर पूर्ण धरली जाते, त्यामुळे दहा प्रोसेसची बेरीज केली की फुगलेला आकडा येतो. पीएसएस मध्ये तीच पानं वाटून घेतात, वाडीतल्या सामाईक विहिरीच्या पंपाचं बिल घरटी वाटतात तसं. पीएसएस हवा असेल तर प्रॉक फोल्डरमधली त्या प्रोसेसची एसमॅप्स फाइल वाचायची.

फक्त सर्वात जास्त किती लागली एवढंच हवं असेल तर जीएनयू टाइम ही कमांड डॅश व्ही लावून चालवा, पण पूर्ण पाथ देऊन, कारण शेलमधलं (कमांड जिथे टाइप करतो त्या प्रोग्राममधलं) टाइम नुसती वेळ सांगतं. पण एका आकड्यावरून गळती (घेतलेली मेमरी काम झाल्यावरही न सोडणं) कळत नाही, त्यासाठी शेलमध्ये एक लूप लिहायचा: डेट कमांडने सेकंद घ्यायचे, पीएस कमांडने आरएसएस घ्यायचा (तो केबीमध्ये येतो), फाइलीत एक ओळ टाकायची, दहा सेकंद स्लीप, परत तेच.

मग ती फाइल ग्राफ काढणाऱ्या ग्नूप्लॉटला द्यायची. हे १९८६ पासूनचं टूल आहे आणि नाव तसं असलं तरी जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टशी त्याचा संबंध नाही. एक गोची लक्षात ठेवा, सेकंद तसेच दिले तर ते वेळ यूटीसीमध्ये (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) दाखवतं, म्हणजे शेडमध्ये संध्याकाळी सहाला झालेली उडी ग्राफवर दुपारी साडेबाराला दिसते, म्हणून सेकंदांत १९८०० (साडेपाच तास) मिळवून द्यायचे. टर्मिनल 'डंब' ठेवलं की ग्राफ नुसत्या अक्षरांत निघतो, किनाऱ्यावर रेंज एक काडी असली तरी एसएसएचवर (दुरून बोर्डात लॉगिन केल्यावर) पटकन येतो, मला तर चित्रापेक्षा हाच आवडतो.

आता रेष वाचायची. सुरुवातीला चढून मग सपाट झाली तर बहुतेक वेळा काळजी नाही, कारण सोडलेली मेमरी मॅलोक (प्रोग्रामला मेमरी काढून देणारं फंक्शन) लगेच सिस्टमला परत देईलच असं नाही, पुढच्या कामासाठी जवळ ठेवतो. पण मिनिटाला ४० केबी अशी सारखी चढत असेल तर दिवसाला ५६ एमबी होतात, आणि आठवडाभरात बोर्ड आटोपला, मग कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की एखादा प्रोग्राम मारणारा भाग, कोणाला उडवेल ते त्याच्या हिशोबावर.

गळती कोडमध्ये नेमकी कुठे ते मात्र यातून कळत नाही. तिथे व्हॅलग्राइंड या तपासणीच्या टूलमधलं मॅसिफ लागतं, कोडच्या कुठल्या भागाने किती मेमरी घेतली ते ते नोंदवतं, आणि त्याचा रिपोर्ट एमएस-प्रिंट ही कमांड अक्षरांच्या ग्राफसकट दाखवते. मॅसिफखाली प्रोग्राम भलताच हळू चालतो, तेव्हा हे घरच्या लॅपटॉपवर करा, ऐन सीझनमध्ये शेडमधल्या बोर्डावर नको.