कॉन्स्टंट कोडमध्ये, कॉन्फिग सर्व्हरवर. मग जीएसटीचा दर कुठे?

कॉन्स्टंट म्हणजे कधीच न बदलणारी किंमत (व्हॅल्यू), कॉन्फिग म्हणजे सर्व्हरगणिक बदलणारी. दोन्ही कॅपिटल अक्षरांत लिहितात, मधे अंडरस्कोर देतात, म्हणून नवखा प्रोग्रॅमर दोन्ही एकाच फाइलमध्ये कोंबतो. आमच्या इंदुरात शेव-मिक्स्चर ऑनलाइन विकणारी दुकानं भरपूर, तेव्हा उदाहरणही त्यातलंच घेऊ. अशा वेबसाइटच्या कोडमध्ये तीन ओळी हमखास शेजारी सापडतात: किलोचे ग्रॅम १०००, पेमेंट गेटवेची, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेची, सीक्रेट की, आणि जीएसटीचा दर.

किलोचे ग्रॅम हा खरा कॉन्स्टंट. लॅपटॉपवर, टेस्ट सर्व्हरवर, लाइव्ह साइटवर, सगळीकडे हजारच. त्याने कोडमध्येच राहावं, ज्या मॉड्यूलला लागतो त्याच्याजवळ. त्याला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल करणं, म्हणजे कोडबाहेर सर्व्हरवर लिहून ठेवणं, ही लवचिकता नव्हे. सर्व्हरवर कुणी चुकून १०० लिहिलं, तर पाव किलो लौंग शेवेचे पैसे दहापट लागतील.

सीक्रेट की मात्र कॉन्फिग. टेस्टची वेगळी, लाइव्हची वेगळी. कोड तोच, सर्व्हर बदलला की व्हॅल्यू बदलते. हेरोकू या क्लाउड कंपनीच्या मंडळींनी मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप’ या पद्धतीत याची एक कसोटी आहे, आणि मला तीच सगळ्यात उपयोगी वाटते: तुमचा कोड या क्षणी सगळ्यांसाठी खुला केला, तर एखादं गुपित फुटेल का? फुटणार असेल, तर ते कोडमध्ये नको. एकदा कमिट झालेली, म्हणजे कोडसोबत नोंदली गेलेली, सीक्रेट की नंतर नुसती पुसून भागत नाही, कोडमधले बदल जपणाऱ्या गिटच्या इतिहासात ती राहतेच. गेटवेकडून नवी की घ्यायची आणि जुनी रद्द करायची.

लारावेल हे पीएचपीचं फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं. कॉन्फिग कॅश केलं, म्हणजे वेगासाठी एकत्र साठवून ठेवलं, की या व्हॅल्यू जिथे लिहितात ती डॉट-एन्व्ह फाइल वाचलीच जात नाही. कंट्रोलरमध्ये, म्हणजे आलेली विनंती हाताळणाऱ्या कोडमध्ये, थेट एन्व्ह फंक्शनने मागितलेली व्हॅल्यू लॅपटॉपवर मिळते आणि लाइव्हवर रिकामी येते. म्हणून ते फंक्शन फक्त कॉन्फिगच्या फाइलींत वापरायचं, बाकी कोडने कॉन्फिगकडूनच मागायचं. शिवाय एन्व्हायर्नमेंटमधून येणारं सगळं मजकूर म्हणून येतं. जावास्क्रिप्टमध्ये मजकूर म्हणून आलेला ‘फॉल्स’ (खोटं) हा शब्दही ‘ट्रू’, म्हणजे खराच, धरला जातो, आणि बंद केलेलं फीचर चालू राहतं.

उरला जीएसटी. तो प्रत्येक सर्व्हरवर सारखाच, म्हणून लोक त्याला कॉन्स्टंट समजतात. पण २२ सप्टेंबर २०२५ला पाकीटबंद, लेबल लावलेल्या नमकीनचा दर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. कोडमधला १२ खोडून ५ लिहिला, तर जुनं बिल पुन्हा काढताना तेही ५ टक्क्यांनी निघेल. कॉन्फिगमध्ये ठेवूनही हेच होईल, कारण तिथेही एका वेळी एकच दर मावतो. दराची जागा डेटाबेसमध्ये: दर, आणि तो कोणत्या तारखेपासून लागू. बिल बनताना त्या दिवशीचा दर बिलातच नोंदवून ठेवायचा. ऑगस्टमध्ये विकलेलं पाकीट ऑक्टोबरमध्ये परत आलं, तरी क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद, १२ टक्क्यांचीच निघायला हवी.