टीडीएस मीटरला नायट्रेट दिसत नाही

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात विहिरीच्या पाण्यात टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटर बुडवून ‘पाणी चांगलं आहे’ असं ठरवलं जातं. हे मीटर फक्त विद्युतवाहकता मोजतं. बागेतल्या खतातून झिरपलेलं नायट्रेट कोणतं आणि साधं बायकार्बोनेट कोणतं, हे त्याला कळत नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. टीडीएस 300 असलेल्या पाण्यातही ते दुप्पट असू शकतं. फिल्टर विकणारे दोन सळ्या बुडवून, वीज सोडून पाणी तपकिरी करून दाखवतात, ती तर निव्वळ फसवणूक आहे. तो रंग सळीच्याच लोखंडाचा असतो.

नायट्रेट मोजायला आयन-निवडक इलेक्ट्रोड लागतो, म्हणजे पाण्यातल्या विद्युतभारित कणांपैकी (आयनांपैकी) मुख्यतः एकालाच प्रतिसाद देणारा. सगळी करामत त्याच्या टोकावरच्या पडद्याची. एक भाग पीव्हीसी पूड, दोन भाग डायब्युटाइल थॅलेट (पीव्हीसी मऊ करणारं तेल) आणि काही टक्के चतुष्क अमोनियम नायट्रेट हा क्षार टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकात विरघळवून काचेवरच्या कड्यात ओततात. वर झाकण ठेवून रात्रभर सावकाश सुकवतात. घाईने सुकवलं की बुडबुडे येतात, सूक्ष्म छिद्रं पडतात आणि मग पाणी कोणतंही असो, वाचन हलत नाही.

या चतुष्क अमोनियम क्षाराच्या धनभारित नायट्रोजनला लांब कार्बन साखळ्या असतात, म्हणून तो तेलकट पडद्यातच राहतो. त्याला जोडीला ऋण आयन हवा असतो. पण पाण्यातल्या आयनाला आत शिरायचं तर अंगाभोवतीचे पाण्याचे रेणू सोडावे लागतात. सल्फेट ते घट्ट धरून ठेवतं, क्लोराइडही बऱ्यापैकी. नायट्रेट सहज सोडतं. निवड होते ती इथे, आणि ती किती साध्या कारणाने! बाहेर नायट्रेट दहापट झालं की 25 अंश सेल्सिअसला इलेक्ट्रोडचा विभव (व्होल्टेज) सुमारे 59 मिलिव्होल्टने उतरतो. नातं लॉगरिदमचं असल्यामुळे एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे उत्तरात 4 टक्क्यांची चूक.

पडदा वापरण्याआधी रात्रभर 0.01 मोलर पोटॅशियम नायट्रेटमध्ये भिजवावा. नमुना आणि प्रमाण द्रावणं (ज्यांतलं नायट्रेट आधीच माहीत असतं ती) एकाच तापमानाला आणून दोन्हींत सारखंच अमोनियम सल्फेट घालावं. संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत विभव मोजतात तो) दुहेरी जोडाचा घ्यावा, नाहीतर त्यातलं क्लोराइड नमुन्यात झिरपतं. विहीर खारी असेल तर सिल्व्हर सल्फेटने क्लोराइड आधी काढावं. दहापटीमागचा उतार 50 मिलिव्होल्टच्या खाली गेला आणि पुन्हा भिजवूनही सुधारला नाही, तर पडदा बदलावा.