शेंद्र्याची आरएस आणि घरामागची शेड

मराठवाड्यात स्पोर्ट्स कार होत्याच कुठे, असं पुण्या-मुंबईकडचे गाडीवेडे हसत विचारतात. प्रश्न अगदीच गैरलागू नाही. निजामाच्या राजवटीत उंची मोटारींचा थाट हैदराबादेत होता. इकडच्या माणसाचा मोटारीशी संबंध आला तो मुख्यतः बसमुळे. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली होती. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे एसटी गावोगावी पोचली. राजेरजवाड्यांच्या गॅरेजांची परंपरा इथे नव्हतीच म्हणा ना.

तरीही आज सुट्टीच्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये जुनी वेगवान गाडी खोलून बसलेली माणसं इथे भेटतात. त्यांतली बरीचशी कारखान्यांत काम करणारी किंवा तिथून निवृत्त झालेली. या छंदाचं मूळ माझ्या मते वर्कशॉपमध्ये आहे.

पहिलं वर्कशॉप एसटीचं. महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा: पुण्याजवळ दापोडीला, नागपूरला हिंगण्याला आणि औरंगाबादला चिकलठाण्याला. (शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर, जुन्या काळाबद्दल लिहिताना जुनं नाव ठेवलं आहे.) इथे नुसती दुरुस्ती होत नसे, चासीवर, म्हणजे चाकं-इंजिनाच्या सांगाड्यावर, बसची अख्खी बॉडी बांधली जाई. ॲल्युमिनियमचा पत्रा मापात कापायचा, वाकवायचा, रिव्हेट मारून बसवायचा. अशा कामात हात बसलेला माणूस मोटारीचा चेपलेला मडगार्ड आतून ठोकून सरळ करायला भीत नाही.

दुसरं कारण टंचाईचं. परमिट राजमध्ये, म्हणजे उत्पादनावर सरकारी परवान्यांचं बंधन होतं त्या काळात, देशात मोटारी मिळायच्या त्या मुख्यतः ॲम्बेसेडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. नवी घ्यायची तर वर्षानुवर्षं नंबर लावून बसा. त्यामुळे जी आहे तीच चालवायची, पार्ट मिळाला नाही तर घडवून घ्यायचा. स्पोर्ट्स कारच्या जवळ जाणारी यातली एकच, स्टँडर्ड हेराल्ड. ती भारतात १९६१ मध्ये आली. मूळची ब्रिटिश ट्रायम्फची, रेखाटन इटलीच्या मिकेलोत्तीचं, आणि पुढे ट्रायम्फने आपली स्पिटफायर ही दोन सीटांची उघडी गाडी काढली ती याच हेराल्डची चासी आखूड करून. घरी काम करणाऱ्याला हेराल्ड आवडते ती दुसऱ्याच कारणाने. तिचं बोनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं. पुढच्या चाकावर बसा आणि कार्ब्युरेटर, डायनॅमो, स्टिअरिंग सगळं हाताशी. आजच्या काही गाड्यांत साधा बल्ब बदलायला बंपर काढावा लागतो, त्यापुढे हे सुखच.

मग १९८५ मध्ये औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. त्याच्या मागोमाग प्रेसशॉप, डाय-कास्टिंग, प्लेटिंग, पेंटशॉप असे पुरवठादार उभे राहिले. इंडो-जर्मन टूल रूम या प्रशिक्षण केंद्रातून डाय, म्हणजे पार्ट घडवायचे साचे, बनवणारी पोरं तयार होऊ लागली. घरी जुनी गाडी पुन्हा चालती करणाऱ्याला हे सगळं एका रिक्षाच्या अंतरावर मिळालं. हजारांच्या ऑर्डरी करणाऱ्या लेथवाल्याला 'एकच बुश (फिरत्या दांड्याभोवतीची धातूची नळी) करून द्या' म्हटलं की तो आधी कपाळाला आठ्या घालतो. मग जुना बुश व्हर्नियर या बारीक मापाच्या साधनात धरतो, झीज बघतो, 'पितळ की गनमेटल?' विचारतो. तिथे काम झालं म्हणून समजा.

खरा योग मात्र औरंगाबादजवळच्याच शेंद्र्याला जुळला. स्कोडाने २००१ मध्ये तिथल्या एमआयडीसीत ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात केली आणि २००४ मध्ये तिची आरएस ही वेगवान आवृत्ती भारतात आणली. आरएस ही अक्षरं कंपनीने १९७४ पासून रॅलीच्या गाड्यांना लावली होती. १३० आरएसने १९७७ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत आपल्या गटात बाजी मारली होती. भारतातल्या आरएसमध्ये १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं, दर सिलिंडरला पाच याप्रमाणे वीस व्हॉल्व्ह, ताकद १५० पीएस (म्हणजे साधारण तेवढीच हॉर्सपॉवर). युरोपात हीच गाडी १८० पीएसची होती, ही बोच जुन्या मालकांच्या बोलण्यात अजून येते. चार दारं आणि लग्नाचा बस्ता मावेल एवढी डिकी असलेल्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणावं का, यावर कट्टर मंडळी नाक मुरडतात. मी त्या वादात पडत नाही. दोन सीटांची गाडी आपल्याकडे कोण सांभाळणार? आणि मराठवाड्यात जुळणी झालेली, वेगासाठी ओळखली जाणारी दुसरी गाडी त्या काळात दाखवा.

आता त्या गाड्यांनी विशी ओलांडली, म्हणून त्या शेडमध्ये यायला लागल्या. इथल्या कोरड्या हवेचा मोठा फायदा. मुंबईच्या गाडीचं कार्पेट उचललं की खालचा पत्रा गंजून जाळी झालेला निघतो. जालना-परभणीत वाढलेली गाडी खालून बहुधा ठणठणीत असते. घेताना लोहचुंबक मात्र खिशात ठेवावा. दारावर, मडगार्डावर फिरवताना तो जिथे धरत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे, म्हणजे गाडी ठोकलेली आहे. इथल्या उन्हाचा मार बसतो तो रबर आणि प्लॅस्टिकला. आरएसच्या इनटेकखालची, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळाखालची, बारीक व्हॅक्युम पाइप चिमटीत धरून किंचित वाकवली की पापडासारखी मोडते. मग उभ्या गाडीचं इंजिन कमी-जास्त फिरत डुलतं, टर्बोचा (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) जोर कमी पडतो आणि अनाडी मेकॅनिक थेट टर्बो बदलायला सांगतो. आधी दहा-वीस रुपये फुटाची पाइप बदलून बघावी. टायमिंग बेल्ट मात्र किलोमीटर कमी दिसले तरी आल्या आल्या बदलायचा. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेडचं काम निघतं. बोअरचं जड पाणी रेडिएटरला दाखवू नये, आत क्षार साचून तो चोंदतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, एवढंच.

नवी डोकेदुखी पेट्रोलची आहे, आणि ती काही अंशी आपल्याच शेतातून आली. ऊस मराठवाड्याचा, त्यापासून इथेनॉल काढणाऱ्या आसवन्याही इथल्याच कारखान्यांच्या, आणि २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं. हेराल्ड-फियाटच्या काळातलं रबर, कॉर्कचं पॅकिंग आणि कार्ब्युरेटरचे पार्ट याला बनलेलेच नाहीत. पाइप फुगते, मऊ पडते, हात लावला की बोटं काळी होतात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. जुन्या गाडीला व्हिटॉनच्या, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या, पाइपा टाकून घेणं हाच त्यावरचा उपाय.

राहिला आरटीओ. कारच्या फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला ती १०,००० आहे. पर्यावरण कर वेगळा. जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये 'व्हीए' अक्षरांची खास नोंदणी आली, पण ती पन्नास वर्षं पुरी केलेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांनाच मिळते. रोजच्या वापराची मुभाही त्यात नाही. हेराल्ड त्यात कधीच बसली. शेंद्र्याच्या पहिल्या आरएसला २०५४ पर्यंत थांबावं लागेल.