क्रूझ जहाजावरील औपचारिक भोजन

क्रूझ जहाजावरील औपचारिक भोजन : सहलीच्या मोठ्या जहाजावर ठरलेल्या संध्याकाळी खास पोशाख करून मुख्य भोजनगृहात घ्यायचे, टप्प्याटप्प्याने वाढले जाणारे जेवण. या संध्याकाळीला ‘फॉर्मल नाइट’ म्हणतात. काही कंपन्या ‘गाला इव्हनिंग’ असे आणखी झोकदार नाव देतात. सात रात्रींच्या सफरीत ती बहुधा एकदा किंवा दोनदा येते. मुख्य भोजनगृहातले जेवण तिकिटातच धरलेले असते. पोशाखाची सूचनाही आरक्षणाच्या कागदांत असते, पण ती कोणी वाचत नाही आणि मग समुद्रात गेल्यावर बॅग उघडून नवरा-बायको एकमेकांकडे बघत बसतात.

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. इथल्या माणसाने पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. तरीही ही नोंद इथल्या वाचकाला परकी वाटू नये. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीची मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशी सफर सुरू झाल्यापासून क्रूझसाठी सिंगापूर किंवा अमेरिका गाठण्याची गरज उरली नाही. दुसरे म्हणजे, कपड्यांचे नियम पाळून जेवायला बसणे हे आपल्याकडे काही नवे नाही.

या प्रथेचे मूळ सहलीत नसून अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या जुन्या प्रवासी जहाजांत आहे. पहिल्या वर्गातली श्रीमंत मंडळी घरी संध्याकाळी कपडे बदलून जेवायला बसत. जहाजावर त्यांनी तोच शिरस्ता चालू ठेवला. निघाल्याच्या पहिल्या रात्री मात्र पोशाखाची सवलत असे, कारण पेट्या उघडलेल्या नसत. शेवटच्या रात्रीही असे, कारण त्या भरून झालेल्या असत. हा संकेत आजही बहुतेक ठिकाणी पाळला जातो, त्यामुळे औपचारिक संध्याकाळ बहुधा मधल्या दिवसांत, त्यातही जहाज कुठल्या बंदराला न लागता दिवसभर समुद्रात असेल तेव्हा ठेवतात. केवळ सहल म्हणून जहाज फिरवण्याचा मान सहसा हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या अल्बर्ट बालिन यांना देतात. हिवाळ्यात रिकामी राहणारी ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट त्यांनी जानेवारी १८९१ मध्ये भूमध्य समुद्रात फिरवली. फ्रान्सच्या ‘नॉर्मंडी’ (१९३५) या जहाजाच्या पहिल्या वर्गाचे भोजनगृह सुमारे ९३ मीटर लांब होते आणि त्यात जिन्यावरून उतरत यावे लागे. जिना मुद्दाम तसा बांधलेला होता : साडी, दागिने, कोट सगळ्यांनी पाहिल्याशिवाय उपयोग काय? (साडी हा शब्द इथे आपल्या सोयीने घातला आहे.) १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमाने सुरू झाली आणि कुठे पोहोचण्यासाठी जहाजात बसायचे कारण सरले. मागे राहिली ती सहल आणि हा पोशाख.

पोशाख

पूर्ण औपचारिक म्हणजे पुरुषांना काळा डिनर जॅकेट व बो-टाय, किंवा गडद सूट व टाय. स्त्रियांना लांब झगा किंवा तत्सम भरजरी कपडे. कनार्ड आणि पी अँड ओ या ब्रिटिश परंपरेच्या कंपन्या याबाबत जास्त काटेकोर. अमेरिकन कंपन्या सैल, आणि ‘नॉर्वेजियन क्रूझ लाइन’ या कंपनीने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणून सक्तीच काढून टाकली. अर्धी चड्डी, बनियन आणि टोपी मात्र जवळपास कुठल्याच मुख्य भोजनगृहात त्या रात्री चालत नाही. ज्याला नटायचेच नाही, त्याने वरच्या डेकवरच्या बुफेत जाऊन जेवावे. तिथे कोणी हटकत नाही आणि त्यात कमीपणाही नाही.

आपल्याकडच्या प्रवाशाला यातली मुख्य गोष्ट कोणी सांगत नाही : राष्ट्रीय पोशाख औपचारिक मानला जातो. कनार्ड आणि पी अँड ओ तर तसे लिहूनच देतात. भाड्याचा सूट शोधत फिरण्यापेक्षा पुतण्याच्या लग्नात शिवलेली शेरवानी किंवा बंदगळा नेला तर काम भागते. पैठणीपुढे तर कुठल्याही झग्याने मान खाली घालावी. औरंगाबादी हिमरूची शाल खांद्यावर असली की शेजारच्या टेबलावरून विचारणा होणारच. सूत आणि रेशीम एकत्र विणून किमखाबाचा थाट आणणारे हे कापड तिथे कोणी पाहिलेले नसते.

आणि या इंग्रजी पोशाखाची एक वस्तू तर इकडूनच गेलेली. डिनर जॅकेटखाली पोटावर बांधतात तो ‘कमरबंड’ म्हणजे आपला कमरबंद. फारसी शब्द, हिंदुस्थानातल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात उचलला. उकाड्याच्या समुद्रात जॅकेट काढून नुसता सदरा, विजार आणि कमरबंद एवढ्यावर जेवायची सवलत असे, तिला ‘रेड सी रिग’ म्हणतात. मे महिन्यातल्या परभणीत हीच सवलत सरसकट द्यायला हरकत नाही. निजामाच्या दरबारात जाणाऱ्यालाही डोक्याला दस्तार आणि कमरेला बगलूस लागेच. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख त्याच राज्यात होता. कमरेला काही बांधल्याशिवाय मोठ्यांसमोर जायचे नाही, ही समजूत आपल्याला इंग्रजांनी शिकवलेली नाही.

मात्र एक फरक मुळातला आहे. सोवळ्याच्या पंगतीत माणूस कपडे चढवत नाही, उतरवतो. शिवलेला सदरा काढून कद किंवा मुकटा नेसायचा आणि उघड्या अंगाने पाटावर बसायचे, ही तिथली ‘औपचारिकता’. जहाजावर उलट : जितके थर अंगावर, तितका मान. एकाचा प्रश्न शुद्धीचा, दुसऱ्याचा प्रतिष्ठेचा. पण दोन्हीकडे कोणी कुठे बसायचे हे आधीच ठरलेले असते. कनार्डच्या जहाजांवर आजही महागड्या खोलीवाल्यांचे भोजनगृह वेगळे असते. पंगतभेद इकडे बदनाम झाला; तिकडे त्याची जाहिरात होते.

अनोळखी ताट

औपचारिक रात्रीच्या यादीत नेहमीपेक्षा भारी पदार्थ येतात : लॉबस्टर, बदक, लसूण-लोण्यात शिजवलेल्या गोगलगायी. गोगलगायी सहा खळग्यांच्या छोट्या ताटलीत येतात, आणि चव बहुतांशी लसणाचीच लागते. कार्निव्हल कंपनीने तर आरंभीच्या पदार्थांत धाडसी खाण्याचा वेगळा कप्पाच ठेवला होता. त्यात मगरीच्या जातीतल्या ॲलिगेटरची भजी, बेडकाच्या तंगड्या, बैलाची जीभ असे प्रकार असत. बेडकाच्या तंगड्या पूर्वी भारतातूनही निर्यात होत. १९८७ मध्ये त्यावर बंदी आली. पाऊस लांबला की धोंडी काढताना ज्या बेडकाला मिरवले, तोच ताटलीत बघून मराठवाड्याचा माणूस गप्प होतो, ते किळसेने नव्हे. कॅव्हिअर, म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली अंडी, महागड्या जहाजांवर अजून मिळते. १९९८ पासून या माशांच्या सर्व जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे, त्यामुळे आता ते मुख्यतः शेततळ्यांतल्या माशांचे असते.

सर्वांत जास्त गोंधळ उडतो तो मांसाहाराने नव्हे, थंड फळांच्या सूपने. स्ट्रॉबेरी किंवा आंबा, साय आणि दही घोटून केलेले हे गार, गोडसर पेय वाटीत, चमच्याने, जेवणाच्या सुरुवातीला येते. सूप म्हटल्यावर वाफ हवी, असे धरून बसलेला माणूस ‘हे गार झालंय’ म्हणून परत पाठवतो. लातूर-धाराशिवकडच्या वाचकाला खरे तर हे सोपे जावे. वेळा अमावस्येला शेतातल्या कोपीपुढे भज्जी आणि उंड्यांबरोबर गाडग्यातली आंबील आपण गारच पितो. ज्वारीचे पीठ आणि ताक यांची. आंबील कोमट लागली तरच तक्रार होते.

अनोळखी पदार्थ चाखण्यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. मुख्य भोजनगृहात प्रत्येक पदार्थाचे वेगळे पैसे नसतात. दोन स्टार्टर मागवा, मुख्य पदार्थ आवडला नाही तर बदलून घ्या, वाढपी हसतच नेतो. काही पदार्थांना किंवा जादा डिशला मात्र अधिभार असतो, तो यादीवर लिहिलेला असतो. तेवढे सोडले तर चुकण्याची किंमत शून्य. आपल्या पंगतीत चुकण्याची किंमत मोठी, कारण ताटात टाकायचे नाही. पहिल्या घासाला आवडले नाही तरी पान स्वच्छ करूनच उठायचे, आणि वर यजमानाचा आग्रह. अशा संस्कारात वाढलेला माणूस नवे खायला बिचकतो. त्यात जिभेचे भित्रेपण कमी आणि उष्टे टाकण्याची लाज जास्त. संभाजीनगरच्या नान-खलियाचेही तेच : एका डेगेतला रस्सा, सगळ्यांना तोच, निवड कसली?

उरलेल्याचे पुढे काय होते, हेही या माणसाच्या मनात येतेच. जहाजावर उरलेले अन्न यंत्रात बारीक करतात. जहाजांमुळे होणारे समुद्राचे प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय मारपोल करारानुसार २५ मिलिमीटरपेक्षा बारीक केलेले अन्न किनाऱ्यापासून किमान ३ सागरी मैलांवर, आणि न केलेले १२ सागरी मैलांपलीकडे समुद्रात सोडता येते. काही संरक्षित समुद्रांत नियम याहून कडक आहेत. हे ऐकल्यावर पुष्कळ जण दुसरे स्टार्टर मागवत नाहीत.

काट्या-चमच्यांचे थोडक्यात सांगायचे तर बाहेरून आत यायचे. डावीकडची छोटी थाळी पावाची. भाकरी चुरून खाण्याची सवय असलेल्याला पाव तोडून खायला कोणी शिकवावे लागत नाही.

शाकाहारी आणि माळकरी प्रवासी

गळ्यात माळ असलेल्यांसाठी जहाज अवघड नाही, पण डोळे उघडे हवेत. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन यांच्या रात्रीच्या यादीत भारतीय शाकाहारी पदार्थ असतो. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर जैन जेवणही मिळते, पण ते आधी कळवलेले बरे. धोका असतो तो निरुपद्रवी दिसणाऱ्या ताटल्यांत. सीझर सॅलडच्या मसाल्यात अँचोव्ही नावाचा मासा असतो. पारदर्शक कॉन्सोमे सूप हाडा-मांसाच्या अर्काचे असते. पन्ना कोटा आणि मूस या गोड पदार्थांत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला पदार्थ, असू शकते, अस्सल पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. ‘व्हेज’ एवढेच म्हणून भागत नाही. मांस, मासे, अंडी यांपैकी काय चालत नाही ते पहिल्याच रात्री हेड वेटरला नीट सांगावे. तो दुसऱ्या दिवशीची यादी आदल्या रात्रीच आणून दाखवतो आणि वेगळे काही करून देतो. एकादशी आली तर साबुदाणा सापडणार नाही. फळे आणि उकडलेला बटाटा यांवर निभवावे.

शिदोरी

बहुतेक कंपन्या घरी केलेले अन्न जहाजावर आणू देत नाहीत. कारखान्यात सीलबंद केलेले, न उघडलेले पाकीट चालते. कारण पोटाच्या साथी. जहाजासारख्या बंद जागेत नोरोव्हायरस वेगाने पसरतो, म्हणूनच भोजनगृहाच्या दारात हात धुवायला लावतात. अमेरिकन बंदरांत येणाऱ्या जहाजांची तिथले आरोग्य खाते अचानक तपासणी करते; १०० पैकी ८६ गुण मिळाले तर पास. बंदरात उतरतानाही फळे किंवा शिजवलेले अन्न बाहेर नेता येत नाही. तेव्हा दुकानातली सीलबंद शेंगाचटणी बॅगेत ठेवावी, औपचारिक रात्रीसुद्धा ती शेरवानीच्या खिशात मावते. धपाटे आणि दशम्या मात्र मुंबईला पोहोचायच्या आत, रेल्वेतच संपवाव्या लागतात.